‘नवीन जीआर आलाय का गं?’

लॉकडाउनमध्ये आपण डालगोना कॉफी शिकलो, घरच्या घरी केस कापायला शिकलो... आणि आपल्याच पगाराचा कायदा मात्र व्हॉट्सअॅपवर वाचला! एका एचआरवालीच्या वहीतली काही पानं, खास तुमच्यासाठी.

एक छोटासा प्रश्न विचारू? एप्रिल २०२० चा तुमचा पगार किती आला होता, आठवतंय? पूर्ण? सत्तर टक्के? की ‘टेम्पररी अॅडजस्टमेंट’ असं गोंडस नाव देऊन निम्माच?

मला आठवतो. नुसता माझाच नाही, चांगला एकशेतीस जणांचा! कारण मी एचआरमध्ये आहे.

हो, हो, तीच ती एचआरवाली! फ्रेशर्सच्या हातात जॉइनिंग किट देणारी, दिवाळीला रांगोळी स्पर्धा घेणारी आणि अप्रेझलच्या महिन्यात कँटीनमध्ये एकटीच जेवणारी. पुण्यात बाणेरला आमची मध्यम आकाराची सॉफ्टवेअर कंपनी. तिथे कायद्याचं काम म्हणजे पीएफचं चलान, ईएसआयचं चलान, प्रोफेशनल टॅक्स आणि शॉप अॅक्टचं रिटर्न. सगळं कसं सणवारांसारखं कॅलेंडरवर बसलेलं. तारीख आली की भरायचं आणि चहाला जायचं.

आणि मग आला मार्च २०२०.

एक पगार, तीन कायदे

९ मार्चला पुण्यात राज्यातले पहिले पेशंट सापडले. त्याच आठवड्यात राज्य सरकारने १८९७ चा साथरोग कायदा बाहेर काढला. पुणेकरांना १८९७ म्हटलं की प्लेग आणि रँड आठवणारच. ज्या गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, त्याच रस्त्याने मी रोज ऑफिसला जायचे. त्याच साथीसाठी इंग्रजांनी केलेला, चार-पाच कलमांचा हा एवढासा कायदा. सव्वाशे वर्षांनी त्याच्याच जोरावर २० मार्चला मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूरमधली ऑफिसेस बंद करायचा निर्णय झाला. २४ मार्चच्या रात्री पंतप्रधानांनी देशभर लॉकडाउन जाहीर केला, तो २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली. आणि या दोन्हींच्या खाली आपले नेहमीचे कायदे होतेच. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा, पीएफचा कायदा, राज्याचा २०१७ चा दुकाने आणि आस्थापना कायदा.

म्हणजे पगार एक आणि त्याच्या डोक्यावर तीन-तीन कायदे! त्यातला एक दिल्लीत हलायचा, दुसरा मंत्रालयात. कधी कधी तर महापालिका आयुक्तांचा वेगळाच आदेश यायचा. रोज रात्री अकराला एखादी पीडीएफ धडकायची आणि सकाळी आठच्या आत माझा फोन वाजायचा, ‘‘नवीन जीआर आलाय का गं? आमचं काय?’’

‘आमचं काय?’ हा प्रश्न मला त्या वर्षात किती वेळा विचारला गेला, याचा हिशेब नाही.

रविवारची पीडीएफ

२९ मार्च २०२०. वार रविवार. केंद्रीय गृहमंत्रालयाचा आदेश आला. बातम्यांमध्ये तो गावी निघालेल्या मजुरांचा आदेश म्हणून गाजला, आणि मुख्यतः तो त्यांच्यासाठीच होता. पण त्यातलं एक वाक्य सगळ्या देशातल्या मालकांसाठी होतं. उद्योग असो, दुकान असो की व्यापारी आस्थापना, लॉकडाउनमुळे ती जितके दिवस बंद असेल तितक्या दिवसांचा कामगारांचा पगार कसलीही कपात न करता ठरलेल्या तारखेला द्यायचा. मागोमाग ३१ मार्चला राज्य सरकारनेही तशाच अर्थाचा जीआर काढला.

झालं! आमच्या ऑफिस ग्रुपवर फटाके फुटले. ‘पगार सेफ!’ ‘मोदीजी रॉक्स!’ ‘आता कंपनीची हिंमत नाही!’

पण दोस्तांनो, ते वाक्य पुन्हा एकदा वाचा. ‘बंद असेल तितक्या दिवसांचा.’ आमची कंपनी बंद कुठे होती? आम्ही तर लॅपटॉप घरी नेऊन डायनिंग टेबलवर दहा-दहा तास बसलो होतो. जो काम करतोय त्याला पगार मिळायला गृहमंत्रालयाची गरजच नव्हती, तो त्याच्या कराराप्रमाणे मिळायलाच हवा होता. आदेशातलं ते वाक्य अगदी चपखल बसत होतं ते दुसऱ्याच मंडळींना. पँट्रीतल्या मावशी, हाउसकीपिंगची दोन पोरं, ऑफिसची गाडी चालवणारे काका. ज्यांचं काम घरून होऊच शकत नाही असे. आणि नेमके हे लोक आमच्या ग्रुपवर नव्हते. ते आमचे कर्मचारीसुद्धा नव्हते, एका एजन्सीमार्फत यायचे.

एजन्सीवाल्याने एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात फोन केला. ‘‘मॅडम, ऑफिस बंद, म्हणजे हजेरी नाही. हजेरी नाही म्हणजे बिल नाही.’’ मी दोन्ही पीडीएफ आमच्या फायनान्सच्या सरांना पाठवल्या. सर तापट, पण कागद वाचणारे. त्यांनी विचारलं, ‘‘हे कंत्राटी लोकांनाही लागू होतं?’’ मी म्हटलं, ‘‘सर, राज्याच्या जीआरमध्ये कंत्राटी कामगारांचाही उल्लेख आहे.’’ मार्च आणि एप्रिल, दोन्ही महिन्यांचं पूर्ण बिल गेलं. अट एकच, बँकेत पगार जमा झाल्याचा पुरावा एजन्सीने आम्हाला दाखवायचा.

वहीचे चार कॉलम

हे सगळं डोक्यात ठेवायचं कसं? माझा फंडा एकदम देशी होता. शंभर पानी वही आणि चार कॉलम. आदेश कोणी काढला? कुठल्या कायद्याखाली? कोणाला लागू? आणि कधीपासून कधीपर्यंत?

ऐकायला बाळबोध वाटतं ना? पण या चार प्रश्नांपुढे निम्मे फॉरवर्ड जागच्या जागी गार व्हायचे. उदाहरणच देते. ‘लॉकडाउनमध्ये कोणालाही नोकरीवरून काढता येणार नाही, केंद्राचा आदेश!’ हा मेसेज मला किमान वीस जणांनी पाठवला. मुळातला कागद काय होता? २० मार्च २०२० चं केंद्रीय कामगार मंत्रालयाचं पत्र. मालकांनी कर्मचाऱ्यांना, विशेषतः हंगामी आणि कंत्राटी लोकांना काढू नये, पगार कापू नये, असं त्यात म्हटलं होतं. पण तो सल्ला होता, आदेश नव्हे. आपल्याकडे सल्ला न मानण्याला शिक्षा नसते. (सासरी असते, ती गोष्ट वेगळी!)

दुसरं उदाहरण आरोग्य सेतूचं. १ मे २०२० च्या आदेशात हे अॅप सरकारी आणि खासगी, सगळ्या कर्मचाऱ्यांना सक्तीचं केलं. शंभर टक्के कर्मचाऱ्यांच्या मोबाइलवर ते आहे, याची जबाबदारी कंपनीच्या प्रमुखावर. आमच्याकडे ड्राइव्ह निघाला, स्क्रीनशॉट मागवले, साधा फोन असलेल्या काकांचं काय करायचं यावर मीटिंग झाली. आणि १७ मेच्या आदेशात भाषा बदलली. आता कंपनीने ‘शक्य तितके प्रयत्न’ करायचे होते. सक्ती गेली! सतरा दिवसांत एका वाक्यरचनेने अख्खा देश इकडचा तिकडे. हा बदल आमच्या ऑफिसमध्ये कितीजणांनी वाचला? अंदाज करा.

त्याच १७ मेच्या आदेशात, तोही रविवारच बरं का, आणखी एक गोष्ट घडली. १८ मेपासून आधीचे आदेश संपले, आणि जे चालू राहणार होते त्यांची यादी सोबत जोडली. त्या यादीत पूर्ण पगाराचं ते वाक्य नव्हतं. ‘मागे घेतलं’ असंही कुठे लिहिलं नव्हतं. ते फक्त पुढे आलं नाही. टीव्हीवर त्या रात्री चर्चा होती ती चौथ्या लॉकडाउनची. कुठला झोन लाल, कुठला केशरी, वगैरे.

आमच्या मॅनेजमेंटने मात्र सोमवारी सकाळी साडेदहाला मीटिंग लावली.

‘सही नाही केली तर?’

प्रपोजल साधं होतं. जूनपासून सरसकट तीस टक्के कपात. त्यासाठी प्रत्येकाकडून एक पत्र घ्यायचं, ‘मी स्वेच्छेने माझ्या पगारात कपात स्वीकारत आहे.’ एकशेतीस सह्या, चार दिवसांत. सह्या गोळा करणार कोण? अर्थातच एचआर.

कंपनीची बाजूही सांगते. दोन परदेशी क्लायंटनी पेमेंट थांबवलं होतं, ही खरी गोष्ट. बँकेत किती महिन्यांचे पगार शिल्लक आहेत हे मला माहीत होतं आणि तो आकडा बघून माझ्याही पोटात गोळा आला होता. कपात हा काही निव्वळ लबाडीचा खेळ नव्हता.

पण पत्र पाठवायच्या आधीच टेस्टिंग टीममधल्या एका मुलाचा फोन आला. सोलापूरचा, दीड वर्षाचा अनुभव, घरचं सगळं याच्यावर. बातमी कुठून फुटली देव जाणे. त्याने एकच विचारलं, ‘‘मॅडम, सही नाही केली तर?’’

आता इथे मी काय सांगायचं? कंपनीचा पगार खाणारी मी. ‘करून टाक रे, सगळेच करतायत’ एवढं म्हटलं असतं तर विषय संपला असता. पण खरं उत्तर माझ्या वहीत होतं आणि ते मी दिलं. नोकरी हा करार आहे. त्यातला पगार एका बाजूला आपल्या मनाने कमी करता येत नाही, तुझी संमती लागते. ती द्यायची की नाही, हा तुझा निर्णय. आणि तू कायद्याच्या भाषेत ‘कामगार’ असशील तर १९४७ च्या कायद्यातलं ९-अ कलम आहे. पगारासारखी अट बदलण्याआधी एकवीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. मात्र याची दुसरी बाजूही ऐक. सही न केल्यास कंपनी नोटीस देऊन नोकरी संपवायचा विचार करू शकते. तसं झालं तर वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला एका महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई, हा हिशेब आहे.

तो म्हणाला, ‘‘पण मी इंजिनिअर आहे ना मॅडम, मी कसला कामगार?’’

मंडळी, इथेच आपण सगळे फसतो! ‘कामगार’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर निळा डगला आणि भोंगा येतो. कायदा व्हिजिटिंग कार्ड बघत नाही. तुम्ही प्रत्यक्षात काय काम करता, हे बघतो. तांत्रिक, कारकुनी किंवा हाताचं काम करणारा माणूस या व्याख्येत बसू शकतो, पगार कितीही असो. बाहेर राहतात ते खरोखर व्यवस्थापन करणारे, आणि ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पगार घेणारे सुपरवायझर. नुसतं ‘असोसिएट मॅनेजर’ असं पद दिल्याने कोणी मॅनेजर होत नाही. हाताखाली माणूस एक नाही, रजा मंजूर करायचा अधिकार नाही, मग कसला मॅनेजर?

त्या संध्याकाळी मी मॅनेजमेंटला सहा ओळींचा मेल केला. ‘स्वेच्छेने’ हा शब्द घालून चार दिवसांत धाकाने घेतलेली सही उद्या कुठे टिकेल याची खात्री नाही. त्याऐवजी कपातीला शेवटची तारीख असावी. कमी पगारवाल्यांना वगळावं. कापलेली रक्कम पुढे परत द्यायची की नाही, हे स्पष्ट लिहावं. आणि लोकांना बोलावून बँकेतला खरा आकडा सांगावा.

उत्तर दोन दिवस आलं नाही. ते दोन दिवस मी नोकरीच्या साइटवर माझाही रेझ्युमे अपडेट करत होते, खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या दिवशी टाउनहॉल झाला, झूमवरच. कपात पंचवीस टक्क्यांवर आली, सहा महिन्यांपुरती. महिना तीस हजारांखालचे सगळे वगळले. रक्कम परत देण्याचं मात्र ‘परिस्थिती पाहून’ असंच राहिलं. सही न करणारे सात जण निघाले. त्यांच्यापैकी दोघांना ऑगस्टमध्ये नोटीस मिळाली, भरपाईसकट. माझा तो सोलापूरकर या दोघांत नव्हता. त्याने विचार करून सही केली होती.

सहाशे रुपयांची गोष्ट

याच मे महिन्यात पीएफचा नवा नियम आला. मे, जून आणि जुलै २०२० या तीन महिन्यांच्या पगारासाठी वर्गणी बारा टक्क्यांऐवजी दहा टक्के. लोकांच्या हातात चार पैसे जास्त यावेत, हा उद्देश.

गणित करू या. बेसिक समजा तीस हजार. बारा टक्क्यांनी तुमचे ३,६०० कापले जायचे, आता ३,०००. म्हणजे ६०० हातात. पण कंपनीचेही ६०० वाचले की! ते कोणाचे? तुमचं पॅकेज सीटीसीवर असेल, म्हणजे कंपनीचा पीएफही तुमच्याच पॅकेजमध्ये मोजलेला असेल, तर ते ६०० सुद्धा तुमचेच. पीएफ कार्यालयाने त्या वेळी हे उदाहरणासकट स्पष्ट केलं होतं. तीन महिन्यांचे १,८००. रक्कम काय, एका पिझ्झा पार्टीची. पण सॅलरी स्लिपवर ती ओळ शोधणारा आमच्या ऑफिसात एकच निघाला, अकाउंट्समधला!

तेव्हा पीएफमधून कोविडसाठी पैसे काढायचीही सोय होती. तीन महिन्यांचा बेसिक आणि महागाई भत्ता किंवा शिल्लक रकमेच्या पंचाहत्तर टक्के, यातलं जे कमी असेल ते. परत भरायची गरज नाही. मे २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत पुन्हा एकदा ही मुभा मिळाली. आमच्याकडे एकाने त्यातून हॉस्पिटलचं बिल भरलं आणि एकाने प्ले-स्टेशन घेतलं. कोणाचं नाव सांगत नाही!

मावशींचे काही महिने

पण प्रत्येक ओळ कोणाच्या ना कोणाच्या उपयोगी पडली, असं नाही झालं.

जुलैमध्ये एजन्सीने पँट्रीतल्या मावशींना ‘बसवलं’. मेनंतर आदेश उरला नव्हता, ऑफिस उघडलं तरी दहा टक्के हजेरीवर, चहा करणार कोणासाठी? मी वही उघडली. ईएसआयची एक योजना होती, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. नोकरी गेलेल्या विमाधारकाला नव्वद दिवसांपर्यंत मदत. ती ऑगस्ट २०२० मध्ये सरासरी कमाईच्या पंचवीस टक्क्यांवरून पन्नास टक्के केली, आणि २४ मार्च ते ३१ डिसेंबर २०२० या काळात नोकरी गेलेल्यांसाठी अटीही सैल केल्या. मी मावशींना फोन करून सगळी कागदपत्रं मागवली. आधार, बँक पासबुक, विमा नंबर.

अट सैल झाली होती, तरी एक राहिली होती. नोकरी जाण्याआधी किमान दोन वर्षं विम्याखाली काम. मावशींचं एक वर्ष सात महिने भरत होतं. त्या कामाला होत्या साडेतीन वर्षं, पण मधल्या काळात एजन्सी बदलली होती आणि जुन्या एजन्सीने त्यांचं नावच भरलेलं नव्हतं.

‘‘जाऊ द्या ताई,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तुम्ही बघितलंत ना, झालं.’’

ऑफिसच्या मुलांनी वर्गणी काढली, दोन महिन्यांचा त्यांचा पगार निघाला. चांगलं वाटलं सगळ्यांना. मला नाही वाटलं. सरकारी मदत त्यांचा हक्क होता, आणि कोणीतरी एक फॉर्म भरला नाही म्हणून तो बुडाला. तेव्हापासून मी कंत्राटी लोकांची ईएसआय-पीएफची यादी दर महिन्याला नाव घेऊन तपासते. एजन्सीवाले मला ‘खडूस मॅडम’ म्हणतात. म्हणोत!

कोर्ट काय म्हणालं?

आदेशांवरून भांडणं कोर्टात गेलीच. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ३० एप्रिल २०२० रोजी सांगितलं की पगार द्या, पण जिथे काम सुरू करायला परवानगी मिळाली आहे तिथे कामगाराने यायला हवं, आपणहून गैरहजर राहिला तर पगार कापता येईल. १२ जून २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्चच्या आदेशाचा अंतिम निकाल दिला नाही. मालक-कामगारांनी त्या पन्नासेक दिवसांच्या पगाराबद्दल आपसात बोलून तोडगा काढावा, जमलं नाही तर कामगार अधिकाऱ्यांकडे जावं, आणि तोवर मालकांवर सक्तीची कारवाई नको, असा अंतरिम आदेश दिला.

आणि १ ऑक्टोबर २०२० चा तो गुजरातचा निकाल! गुजरात सरकारने कारखान्यांना बारा तासांची पाळी लावायची मुभा दिली होती, तीही ओव्हरटाइमचा दुप्पट दर न देता. सर्वोच्च न्यायालयाने अधिसूचना रद्द केली. महामारीमुळे आलेली आर्थिक मंदी म्हणजे कारखाने कायद्यातली ‘सार्वजनिक आणीबाणी’ नव्हे, असं सांगून कामगारांना ओव्हरटाइमचे पैसे द्यायला लावले. आमच्या एसी ऑफिसशी याचा थेट संबंध नाही. पण रात्री साडेदहाला ‘क्विक कॉल’ लावणाऱ्या आमच्या डिलिव्हरी हेडला मी तो निकाल मुद्दाम फॉरवर्ड केला. उत्तरादाखल अंगठा आला. कॉल काही थांबले नाहीत!

घरून कामाचंही तसंच. कॉल सेंटरवाल्यांना आधी घरून काम द्यायचं तर दूरसंचार खात्याच्या अटी आड यायच्या, तारण ठेवा, करार करा. १३ मार्च २०२० ला त्या तात्पुरत्या सैल झाल्या, मग मुदत वाढत गेली, आणि ५ नोव्हेंबर २०२० ला नियमच सुटसुटीत झाले. आज तुम्ही ‘हायब्रिड’ म्हणून मिरवता ना, त्याच्या मुळाशी अशा तीन-चार कंटाळवाण्या पीडीएफ आहेत.

आणि आता?

महामारी गेली, पण त्या काळात पेरलेलं आता उगवलंय. सप्टेंबर २०२० मध्ये, कोविड भरात असताना, संसदेने तीन कामगार संहिता मंजूर केल्या. वेतन संहिता २०१९ मध्येच झाली होती. पाच वर्षं त्या कागदावर होत्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही लागू झाल्या आणि एकोणतीस जुने कायदे त्यांत विलीन झाले. माझी जुनी वही त्या दिवशी निवृत्त झाली, नवीन आणली.

तुमच्या कामाचं थोडक्यात सांगते. प्रत्येकाला नेमणूकपत्र मिळालंच पाहिजे. नोकरी सोडली किंवा गेली तर वेतनाचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता व्हायला हवा. ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं नाही, एक वर्ष पुरे. भत्त्यांची खिरापत वाटून बेसिक चिमुकला ठेवायची युक्तीही आता अवघड. भत्ते एकूण रकमेच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरायचा. सुपरवायझरला ‘कामगार’ मानायची पगारमर्यादा दहा हजारांवरून अठरा हजारांवर गेली.

आणि ‘तीनशे माणसांपर्यंत बिनधास्त काढता येणार’ ही जी चर्चा चालते ना, ते परवानगीचं कलम कारखाने, खाणी आणि मळे यांच्यासाठी आहे. मर्यादा शंभरवरून तीनशेवर गेली ती तिथे. आयटीच्या ऑफिसला ती परवानगी आधीही लागत नव्हती. आपली ढाल म्हणजे करार, नोटीस आणि भरपाई. राज्याच्या बाजूलाही हालचाल आहे. दुकाने आस्थापनांमध्ये दिवसाचे नऊ तास दहा करायला राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. तेव्हा डोळे उघडे ठेवा.

एचआरवालीचे पाच फंडे

१. चार प्रश्न विचारा. कोणी काढलं, कुठल्या कायद्याखाली, कोणाला लागू, कधीपर्यंत? उत्तर नसेल तर फॉरवर्ड करू नका.

२. मूळ पीडीएफ उघडा. बातमीचं हेडिंग नको. ‘करावे’ आहे की ‘करणे बंधनकारक’ आहे, एवढं बघितलं तरी निम्मं काम झालं.

३. सॅलरी स्लिप दर महिन्याला वाचा. पीएफचं पासबुक आणि स्लिप यांचे आकडे जुळतात का, तेही.

४. सही करण्याआधी एक दिवस मागा. तारीख, रक्कम, मुदत लिहिलेली हवी. ‘स्वेच्छेने’ हा शब्द दिसला की दोनदा वाचा. पत्राची कॉपी स्वतःच्या पर्सनल मेलवर ठेवा.

५. एचआरला विचारा. अगदी खरं सांगते, आम्हाला आवडतं! रांगोळी स्पर्धेचे नियम सांगून सांगून आम्हीही कंटाळलोय. उत्तर पटलं नाही तर सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय तुमच्याच शहरात आहे. तिथे इंजिनिअरनेही जायला काही हरकत नाही.

आणि हो, ऑफिसात चहा देणाऱ्या मावशींना एकदा विचारा, त्यांचा ईएसआय नंबर त्यांना माहीत आहे का. नसेल तर तो शोधून द्यायला तुमच्या मोबाइलवर दहा मिनिटं पुरतात. या शुक्रवारीच करून टाका.